गॅलरीतली औषधाची बाटली

घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यात माझ्याएवढी मांजरं कोणी हाताळली नसतील, हे मी छाती ठोकून सांगतो. त्यातली माझ्यामुळे जगली किती ते मात्र विचारू नका, जगली ती डॉक्टरांमुळे, मी फक्त धरून होतो.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कोणीतरी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. गेल्या साली पोस्टातले तावडे झाले, त्याच्या आधी शाळेतल्या बाई. ह्या वर्षी दुसरं कोणी गावलं नाही म्हणून माझ्याकडे आले. मी चौथी नापास. चौथीत बसलाच नाहीत तर नापास कसे, असं आमची सून विचारते. तर मी बोलतो आणि ती लिहिते. तिला सांगून ठेवलंय, बोलतो तसंच लिही, सुधारायला जाऊ नको. मला सुधारायला गेले ते सगळे दमले.

गिरणी बंद पडली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी घाटकोपरला जनावरांच्या डॉक्टरकडे लागलो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाकडं, आत पत्रा मारलेलं टेबल. डॉक्टरांना माणूस पाहिजे होता तो चावऱ्या जनावराला न घाबरणारा. पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक बोका दिला, हा एवढा, आणि बोलले, "धर." बोका तीन ठिकाणी चावला. मी सोडला नाही. डॉक्टर खूश. "बाबल, उद्यापासून ये." आता खरं सांगतो, मी भीतीनं आखडलो होतो, बोटं सुटतच नव्हती. त्या आखडण्यावर मी बारा वर्षं नोकरी केली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जनावरांचा दवाखाना म्हणजे घोडे, म्हशी, मोठमोठे कुत्रे. तसं काही नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त काय यायचं तर मांजराचं पिल्लू आणि त्याचे जुलाब. पावसाळ्यात तर रांग. पिल्लू जिन्याखाली सापडतं, मीटरच्या पेटीत सापडतं, घरातलं कोणतरी उचलून आणतं आणि पहिलं काय करतं? वाटीत दूध. म्हशीचं, साय असलेलं. पिल्लू बिचारं भुकेलं, ते पितं. दुसऱ्या दिवशी सुरू. डॉक्टर दिवसातून दहा वेळा तेच सांगायचे, की आईचं दूध वेगळं, म्हशीचं वेगळं, मांजराच्या पोटाला ते झेपत नाही. लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन परत वाटी. मांजर आणि दूध हे लग्न आपण लहानपणापासून पाटीवर काढत आलोय, ते एक डॉक्टर कसं मोडणार?

माझं काम म्हणजे पिल्लाला टॉवेलात गुंडाळायचं, नुसतं डोकं बाहेर. मग डॉक्टर मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढायचे आणि सोडायचे. कातडी पटकन खाली बसली तर अंगात पाणी आहे. तंबूसारखी उभीच राहिली तर वाट लागली. हिरड्या बघायच्या, गुलाबी की पांढऱ्या. पोटात जंत असले तर जंताचं औषध, नाहीतर शी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली. एवढंसं पिल्लू, माझ्या मुठीएवढं, आणि त्याच्यातून चार दिवस नुसतं पाणी जातंय, तर राहणार काय मागे? माणसाचं पोर रडून सांगतं. पिल्लू गप्प बसत जातं. गप्प बसलं की लोक बोलतात, आज शांत आहे, बरं वाटतंय वाटतं. बरं वाटत नसतं, संपत आलेलं असतं. हे मी डॉक्टरांकडून शिकलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं म्हणून सांगायचो.

शी तपासायला आणा म्हटलं की लोक काय काय आणायचे! काडेपेटीतून, पावडरच्या डब्यातून. एकदा दिवाळीच्या तोंडावर एक गृहस्थ आले, हातात पेढ्याचा पुडा, वर दोरा, झकास. माझ्या हातात दिला आणि बोलले, "डॉक्टरांसाठी." मी बोललो, कशाला त्रास घेतलात, आणि पुडा देवाच्या फळीवर ठेवून नमस्कार केला. एक पेढा मी खाणार होतो, पण तेवढ्यात कुत्रा आला धरायला. देवाची कृपा म्हणतात ती अशी. नंतर डॉक्टर विचारतात, "त्या चव्हाणांचं सँपल कुठे आहे?" मी फळीकडे बघतो, फळीवरचे गणपती माझ्याकडे बघतात.

मुलुंडच्या एक बाई होत्या, नवीन बाळंतीण. बाळाला सहाणेवर गुटी उगाळून द्यायच्या तीच पिल्लाला द्यायच्या, जायफळ, मुरुडशेंग, सगळं. बोलल्या, दोघं एका वयाची आहेत. आणि एक होते जोशी म्हणून, बोरीवलीहून यायचे. त्यांच्या पिल्लाचं पोट महिन्यातून दोनदा ठरलेलं बिघडायचं. डॉक्टर हैराण. शेवटी कळलं, चतुर्थीला घरात सगळ्यांचा उपास, म्हणून पिल्लाला पण साबुदाण्याची खिचडी. वर दाण्याचं कूट. मी इतका हसलो, इतका हसलो की डॉक्टरांनी मला बाहेर जाऊन हसायला सांगितलं. चाळीत घरोघर जाऊन हा किस्सा सांगितला मी. तो लक्षात ठेवा, पुढे मला फार महाग पडलाय.

हंसाबेन आल्या त्या ज्येष्ठात. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत सोसायटी होती, तिथे दुसऱ्या माळ्यावर राहायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, पांढऱ्यावर बारीक फुलं अशी साडी, गळ्यात तुळशीची माळ. घरी खाखरे करून विकायच्या. खाखऱ्याच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात त्यांना पिल्लू सापडलं होतं. करड्या रंगाचं, पाचेक आठवड्यांचं, आई बेपत्ता. नाव झीणी. झीणी म्हणजे त्यांच्यात बारीक.

"बघा ने डॉक्टरभाई," त्या मला बोलल्या, "रोज पाच वेळा जाते. पंधरा दिवस झाले. घरात दोन पेशंट, दोघांचं सारखंच, चादर बदलते ने परत बदलते."

दुसरा पेशंट म्हणजे त्यांचे मालक, मनुभाई. त्यांना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पलंगावर पडून छताकडे बघायचे. दोन वर्षं असं. खाणं नको, पिणं नको, तोंड फिरवायचे. आणि हे पिल्लू आल्यापासून ते त्यांच्या गेलेल्या हातावर झोपायचं. हाताला काही कळत नव्हतं, पण मनुभाई मान वळवून बघत बसायचे. झीणीने खाल्लं की हे तोंड उघडायचे. "झी" एवढा एक शब्द त्यांना फुटला होता. हंसाबेन बोलल्या, "डॉक्टरभाई, हिला काय झालं तर ते परत भिंतीकडे वळतील. तेवढं बघा."

तेवढं बघा. आणि कोणाला सांगितलं? मला. एक तर मला डॉक्टरभाई म्हटलं. आयुष्यात मला कोणी भाई पण नीट म्हटलं नव्हतं, तिथे डॉक्टर. मी काय बोलायला पाहिजे होतं? की बाई, मी धरणारा आहे, डॉक्टर आत बसलेत. मी बोललो, "बघतो. काळजी करू नका."

डॉक्टरांनी सगळं केलं. जंताचं औषध झालं, शी तपासली, काही नाही. चार दिवस बरं, परत सुरू. शेवटी एका संध्याकाळी, बाहेर गर्दी, डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "बाबल, ती बाई अजून दूधच घालतेय. तिला नीट समजाव. दूध साफ बंद. उकडलेला मासा नाहीतर कोंबडी, मीठ-मसाला काही नाही, काटा काढून, थोड्या भाताबरोबर कुस्करून. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. दोन महिने तरी चालू ठेवायचं, मध्ये थांबायचं नाही. समजलं?"

"समजलं."

बाहेर आलो. हंसाबेन बाकड्यावर बसलेल्या, मांडीवर टोपली, बोटं माळेवर. त्या सोसायटीत कांद्याचा वास आला तरी लोक दार उघडून बघायचे. आणि मी ह्या बाईला सांगू, मच्छी शिजवा? माझी जीभच उचलेना. मी मनातल्या मनात तिचं उत्तर पण देऊन टाकलं, की ही नाही म्हणणार, पिल्लू रस्त्यावर सोडणार आणि मनुभाई भिंतीकडे वळणार. तिला विचारलंच नाही. माझं मीच विचारलं, माझं मीच उत्तर दिलं.

बोललो, "पोटाचं एक खास औषध आहे. बाजारात मिळत नाही. मी बनवून आणतो. दूध मात्र बंद."

"तुम्ही बनवणार?"

"मग कोण?"

तर औषध असं. आमच्या विक्रोळीच्या चाळीत पावसाळ्यात बोंबील यायचे, ताजे. बोंबील उकडला की त्याचा पांढरा लगदा होतो, काटा म्हणावा असा राहतच नाही. त्यात मऊ भात. रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीत भरायचं आणि वर कागदाची पट्टी चिकटवायची. तेव्हा पातळ औषधाच्या बाटलीला डोस कळावा म्हणून कात्रीने खाचा पाडलेली पट्टी लावायचे, तशी. मला वाचता येत नव्हतं, पण पट्टी फर्स्ट क्लास कापायचो. वास लपवायला बाटलीला बाहेरून पेपरमिंटचं तेल चोळायचो. आता तुम्हीच सांगा, बोंबलाला पेपरमिंट. पण मला वाटलं, काय डोकं आहे आपलं!

बायको बघत होती. ती मालवणची, एक घाव दोन तुकडे. "तुमका येड लागलाहा काय? घरात चार बोंबील इले, त्यातले दोन मांजराक?"

"मांजराक नाय गे, पेशंटाक."

"आणि बाटलेत कित्याक भरतास? तिका सरळ सांगा, मासो आसा म्हणान. घेतली तर घेतली."

"तुला नाही कळायचं. ते लोक वेगळे."

बारा वर्षांच्या नोकरीत बायकोने मला फुकट दिलेला हा एकच सल्ला, आणि तोच मी ऐकला नाही.

सकाळी दवाखान्यात जाताना एक बाटली, संध्याकाळी परतताना एक. हंसाबेन दारातच घ्यायच्या. बाटली घरात ठेवायच्या नाहीत. बाहेर गॅलरीत पाण्याच्या परातीत ठेवायच्या, चमचा वेगळा, ताटली वेगळी. झीणीला तिथेच बसवून भरवायच्या, मग आंघोळ करूनच आत पाय ठेवायच्या. दिवसातून पाच वेळा भरवणं म्हणजे पाच वेळा आंघोळ. मी मनात बोललो, बाई मांजराच्या घाणीला किती मानते. स्वच्छतेचं वेड.

सहाव्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि झीणीच्या शीसाठी ठेवलेल्या मातीच्या पाटीकडे बोट केलं. चांगली बांधलेली, शेंगेसारखी. हसताय तुम्ही. पण महिनाभर पाणी बघितल्यावर तसलं काही दिसलं ना, तर माणसाला पेढे वाटावेसे वाटतात. हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी. आत मनुभाईंना नेऊन दाखवलं, म्हणजे मांजर दाखवलं, ते नाही. झीणीच्या अंगावर केस उभे राहायला लागले होते, चकाकी आली होती. ती मनुभाईंच्या हातावरून त्यांच्या छातीवर चढली आणि त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. माझ्याकडे. सलाम केल्यासारखं.

मला चहा, मला खाखरा. "डॉक्टरभाई नसते तर!" शेजारणीला बोलावून दाखवलं मला. मी काय सांगू, तेव्हा मी गॅलरीत उभा राहून पोटाच्या विकारांवर भाषण दिलं. गुजराती बायका माना डोलावत होत्या. एकीने तर आपल्या सासूचं गॅसचं दुखणं विचारलं. मी तेही सांगितलं.

डॉक्टर एकदा विचारते झाले, "ती बाई मासा घालते का रे?"

"घालते ना."

"कमाल आहे. मला वाटलं नव्हतं."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

असा आषाढ गेला. झीणी उड्या मारायला लागली. मनुभाई दोन्ही वेळा जेवायला लागले, "झी"च्या पुढे "णी" पण लावायला लागले कधी कधी. आणि अमावास्या आली.

आमच्यात अमावास्येला शेवटचं मच्छी-मटण, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. बायकोने माशाचं टोप राखेने घासलं, उन्हात ठेवलं आणि माळ्यावर टाकलं. "उद्यापासून ह्या घरात मासो येवचो नाय. मांजराक काय तां तुम्ही बघा." नुसतं घरातलंच नाही, माझं स्वतःचं पण. गिरणी बंद पडली तेव्हा आईने गावच्या देवाला बोलून ठेवलं होतं, बाबल्याला काम लागू दे, तो श्रावण कडक पाळेल. काम लागलं. बोलली आई, पाळायला मी. श्रावणात मी मासळी बाजाराच्या रस्त्याने पण जायचो नाही. भजनात टाळ धरायचो. चाळीत मान होता माझ्या श्रावणाला, दुसरा कशाला नव्हता.

आता तुम्ही बोलाल, बाबा, दवाखान्यात उकडायचंस. सुया उकळायचा स्टोव्ह होता. डॉक्टरांना सांगायचंस, ते सामिष खाणारे, त्यांनी घरून आणलं असतं. हंसाबेनना सांगायचंस. हे सगळं मला आता सुचतं, रोज सुचतं. तेव्हा मला सुचलं ते असं, की डॉक्टरांना सांगितलं तर मी खोटं बोललो ते कळणार. हंसाबेनना सांगितलं तर डॉक्टरभाई संपला. आणि पिल्लू तर आता बरं झालंय ना? उड्या मारतंय. एक महिना काढेल की. श्रावण संपला की परत देऊ.

रिकाम्या हाताने गेलो. हंसाबेन गॅलरीत परात घेऊन उभ्याच.

"कोर्स पूरा झाला," मी बोललो. पिक्चरमधले डॉक्टर बोलतात तसं, पाठीमागे हात बांधून.

"पूरा? मग आता काय देऊ?"

"घरचं चालेल. वरणभात, चपातीचा चुरा."

"ने दूध?"

इथे मी थांबलो. खरंच थांबलो, देवाशपथ. पण डॉक्टर माणसाने थांबून चालत नाही.

"पाणी घालून थोडं चालेल."

"नक्की? मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं?"

"मी सांगतोय ना."

त्या दोन पावलं आत गेल्या, परत आल्या. "डॉक्टरभाई, ते औषध अजून थोडे दिवस दिलं तर? मला काय त्रास नाही."

"जास्त झालं तर उलटं बाधतं," मी बोललो.

चौथ्या दिवशी सुरू झालं. हंसाबेन दवाखान्याच्या दारात आल्या तर मी त्यांना बाहेरच गाठलं. "पावसाची हवा आहे, होतं असं," बोललो आणि एक पांढरी पूड दिली, खडूसारखी. दोन दिवसांनी परत आल्या. मी दुसरी पुडी दिली. डॉक्टरांपर्यंत जाऊच दिलं नाही. मग आठवडाभर त्या दिसल्याच नाहीत आणि मी बोललो, चला, थांबलं असणार. पिल्लू गप्प झालं की लोकांना काय वाटतं ते मी तुम्हाला वर सांगितलंच आहे. मलापण तेच वाटलं. लोकांना शिकवायचो ते मला नव्हतं येत.

सोमवार होता. उपास, कपाळाला भस्म. हंसाबेन टोपली घेऊन आल्या त्या माझ्याकडे न बघता सरळ आत. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि टॉवेल बाजूला केला. मी धरायला पुढे झालो. धरायला काही नव्हतंच. रिकामा हातमोजा असतो ना तसं. डॉक्टरांनी मानेची कातडी ओढली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. मी बघत राहिलो, बसेल, आता बसेल.

डॉक्टर सलाईनची सुई कातडीखाली घालताना बोलले, "मासा चालू आहे ना?"

मी टॉवेल नीट करायला लागलो.

"बाबल."

"बंद आहे."

"कधीपासून?"

"श्रावण लागला तेव्हापासून."

"ती बाई कसला श्रावण पाळणार? त्यांच्यात बारा महिने मासा वर्ज्यच... थांब. कोण घालत होतं मासा?"

मग मी सगळं सांगितलं. बाटली, पट्टी, पेपरमिंट, नवस. डॉक्टर सुई धरून ऐकत होते. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त एवढंच बोलले, "मांजराला कसला श्रावण रे, बाबल?"

बोरीवलीचे जोशी डोळ्यांपुढे आले. त्यांनी निदान साबुदाणा तरी दिला होता.

गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून झीणीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. डॉक्टरांच्या घरून कोंबडीचं सूप आलं, मी ड्रॉपरने तिच्या ओठावर थेंब थेंब सोडलं. जीभ हलायची, गिळायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. माझ्या हातात. मी धरून होतो. डॉक्टर बोलले, "सोड आता." बोटं सुटत नव्हती. पहिल्या दिवशी सारखीच. पण ह्या वेळी खूश व्हायला कोणी नव्हतं.

हंसाबेनना डॉक्टरांनीच सांगितलं. मी मागच्या खोलीत सुया उकळत होतो, उकळलेल्याच परत उकळत होतो.

आठ दिवस मी त्या गल्लीतून गेलो नाही, लांबून फिरून जायचो. मग डॉक्टरच बोलले, "जाऊन ये. नाहीतर आयुष्यभर लांबूनच फिरशील." गेलो. दार उघडंच होतं. मनुभाई पलंगावर, तोंड भिंतीकडे. उजवा हात चादरीवर पालथा ठेवलेला, झीणी झोपायची तसाच, जागा करून. हंसाबेन बादलीत चादर पिळत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. की ते औषध नव्हतं, मच्छी होती. तुमच्या धर्माला बाटवलं मी. तुम्ही चालवून घेणार नाहीत वाटलं म्हणून बोललो नाही. आणि माझा श्रावण लागला म्हणून बंद केलं.

हंसाबेननी चादर पिळायची थांबवली. "मला नाक नाही?"

"काय?"

"पहिल्या दिवशी झाकण उघडलं तेव्हाच कळलं. वरून पेपरमिंट, आतून मच्छी. चाळीस वर्षं मुंबईत राहते मी. गॅलरीत कशाला ठेवत होते? पाच वेळा आंघोळ कशाला करत होते, मला काय हौस होती?"

"मग तुम्ही बोलला नाहीत..."

"काय बोलणार? डॉक्टर देतात, मी देते. देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींना सांगितलं, जीव आहे, माफ करा. त्यांनी माफ केलं. तुम्ही कोर्स पूरा बोललात तर मी दोनदा विचारलं. विचारलं ने? अजून देऊ म्हटलं. तुम्ही बोललात, बाधतं. मला वाटलं, बाधत असेल. तुमच्यात श्रावण होता तर मला सांगायचं. मी स्वतः बाजारात गेली असती, स्वतः उकडलं असतं, गॅलरीत शेगडी लावून. सोसायटीवाले बोलले असते तर बोलले असते."

त्यांनी गॅलरीतून एक पिशवी आणून माझ्या पायाशी ठेवली. आत बाटल्या. सगळ्या धुतलेल्या, माझ्या कापलेल्या पट्ट्या तशाच चिकटलेल्या.

मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. सवयीनं तेच तोंडात आलं, जे बोलून मी आयुष्यभर सुटत आलोय. हात जोडून बोललो, "हंसाबेन, मी अडाणी माणूस. चौथी पण धड झाली नाही माझी."

त्यांनी पिळलेली चादर खांद्यावर टाकली.

"खरं बोलायला चौथी लागत नाही, भाऊ," त्या बोलल्या. "बाजूला व्हा आता. ह्यांची चादर बदलायचीय."